निविदेतील मोघमपणाची किंमत कोण मोजतो?

यवतमाळ : सरकारी कामाची निविदा निघाली की चर्चा होते ती दोनच गोष्टींची. काम किती कोटींचे आणि ते कोणाला मिळाले. निविदेच्या शे-दोनशे पानांत नेमके काय लिहिले आहे, याकडे मात्र काम रखडेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. काम रखडले की ठेकेदार विभागाकडे बोट दाखवतो, विभाग ठेकेदाराकडे, आणि दोघेही एकाच कागदातील एकाच वाक्याचा वेगवेगळा अर्थ सांगतात. तोवर कालवा अर्धवट राहतो, जलवाहिनी खड्ड्यात पडून राहते आणि अंदाजपत्रकाचा आकडा फुगत जातो.

यामागे भ्रष्टाचार असतो, असे म्हणून विषय संपवण्याची आपल्याला सवय झाली आहे. भ्रष्टाचार असतोही. परंतु त्याला वाव कोठून मिळतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जमिनीखाली खडक लागला तर खर्च कोणाचा, सिमेंट-लोखंड महागले तर भार कोणावर, कर वाढला तर फरक कोण देणार, जागा वेळेत ताब्यात मिळाली नाही तर थांबलेल्या यंत्रांचे भाडे कोणी सोसायचे, या प्रश्नांची उत्तरे निविदेत स्पष्ट नसतील तर ती पुढे वाटाघाटीत, टिपणीत किंवा न्यायालयात शोधावी लागतात. जी जोखीम कोणाच्याही नावावर लिहिलेली नसते, तिचीही किंमत कोणीतरी लावलेलीच असते. ती अखेरीस सार्वजनिक तिजोरीतून जाते.

जिल्ह्याचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्याला हा धडा नवा नाही. बाभूळगाव तालुक्यात खडक सावंगा येथे बांधलेल्या बेंबळा प्रकल्पाची मूळ किंमत नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी सुमारे १९० कोटी रुपये होती. २००९ मध्ये ती २ हजार १७६ कोटींवर गेली. पैनगंगेवरील निम्न पैनगंगा प्रकल्पाचा मूळ खर्च १९९७ मध्ये १ हजार ४०२ कोटी रुपये धरला होता. २००९ च्या सुधारित मान्यतेत तो १० हजार ४२९ कोटी झाला. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश, आताचा तेलंगण, यांच्या या संयुक्त प्रकल्पाला बुडीत क्षेत्रातील गावांचा विरोध सुरुवातीपासून होता. म्हणजे जागा वेळेवर मिळणार नाही, ही शक्यता कोणालाही अनपेक्षित नव्हती.

हे दोन प्रकल्प अपवाद नव्हते. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची एकत्रित किंमत २००९ या एकाच वर्षात ६ हजार ६७२ कोटींवरून २६ हजार ७२२ कोटींवर नेण्यात आली. २०१२ ची श्वेतपत्रिका, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष चौकशी पथक आणि त्याचा २०१४ चा अहवाल, त्यानंतरच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या चौकश्या हा सारा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. काही प्रकरणांत गुन्हे दाखल झाले, तर नऊ चौकश्या २०१९ मध्ये बंद करण्यात आल्या. कोण दोषी, कोण निर्दोष, हा या लेखाचा विषय नाही.

विषय आहे तो चौकश्यांतून पुढे आलेल्या कार्यपद्धतीचा. निविदा काढल्यानंतर तिचे अंदाजपत्रक ‘अद्ययावत’ करणे आणि निविदेत तरतूद नसताना ठेकेदारांना आगाऊ रकमा देणे, या दोन बाबींवर गंभीर आक्षेप घेतले गेले. भूसंपादन व वनमंजुरी पूर्ण होण्याआधीच कामे सुरू केल्याचा आक्षेप महालेखापरीक्षकांनीही वारंवार नोंदविला. या तिन्हींचा अर्थ एकच. जो कागद पाहून इच्छुकांनी दर भरले आणि ज्या कागदावर प्रत्यक्षात काम झाले, ते दोन कागद एक राहिले नाहीत.

प्रकल्पाची किंमत वाढण्याची सर्वच कारणे संशयास्पद नसतात, हेही नमूद केले पाहिजे. वर्षे उलटली की दरसूची वाढते. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाल्यावर मोबदलाही वाढला. संकल्पचित्रे बदलतात, पुनर्वसनाचा खर्च वाढतो. परंतु यांपैकी कोणती वाढ अटळ आणि कोणती टाळता येण्याजोगी, हे ठरविण्याचा आधार मूळ निविदेत असावा लागतो. तेथेच मोघमपणा असेल तर खऱ्या वाढीच्या आडोशाला खोटी वाढही सुखाने नांदते.

शहरी वाचकाला धरणे दूरची वाटतील. परंतु निळोणा आणि चापडोह या जलाशयांवर विसंबून असलेल्या यवतमाळ शहराने २०१८ चा उन्हाळा कसा काढला, हे येथे कोणी विसरलेले नाही. बेंबळ्याचे पाणी शहरात आणण्याची ‘अमृत’ अभियानातील सुमारे ३०० कोटींची योजना तेव्हा हाती होती, पण ती ठरलेल्या मुदतीच्या फार मागे पडली. काम लांबले की त्याचा भुर्दंड केवळ रुपयांत मोजता येत नाही.

शब्द कोठे सैल असतात

वादाची सुरुवात बहुधा मातीतून होते. जिल्ह्याच्या मोठ्या भागात वर काळी कसदार माती आणि खाली बेसॉल्टचा थर आहे. वणीकडे गेल्यास चुनखडक लागतो. कालव्याच्या खोदकामात माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांचे दर वेगवेगळे असतात, आणि माती व कठीण खडक यांच्या दरांतील अंतर मोठे असते. अंदाजपत्रक करताना पुरेसे चाचणी खड्डे घेतले नसतील तर निविदेतील परिमाणे ही केवळ अटकळ ठरते. खोदकाम झाल्यावर कोणता थर किती लागला, यावर मोजमाप पुस्तकापासून न्यायालयापर्यंत वाद रंगतो.

दुसरा सैल शब्द ‘लीड’. भरावाची माती, मुरूम वा खडी किती अंतरावरून आणायची, याला बांधकाम खात्याच्या भाषेत लीड म्हणतात. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर आकसते. त्यामुळे कालव्याच्या अस्तरामागे न फुगणाऱ्या मातीचा थर द्यावा लागतो. अशी माती कामाजवळ मिळेल असे अंदाजपत्रकात धरले आणि ती प्रत्यक्षात पंधरा किलोमीटरवर सापडली, तर कामाचे सारे गणित बदलते. खाण निविदेत नमूद असेल तर प्रश्न उरत नाही. ‘जवळच्या मंजूर खाणीतून’ एवढेच लिहिले असेल तर ‘जवळची’ कोणती, यावर पत्रव्यवहाराच्या फायली वाढतात.

राज्याच्या बी-१ आणि बी-२ या रूढ निविदा नमुन्यांत यावर काही उपाय आहेत. बी-१ मध्ये विभागाच्या अंदाजित दरांवर ठेकेदार किती टक्के अधिक किंवा उणे ते सांगतो. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर तो स्वतः भरतो. कलम ३८ अन्वये एखाद्या बाबीचे परिमाण निविदेतील परिमाणाच्या १२५ टक्क्यांपलीकडे गेले तर जादा कामाला ठेकेदाराने भरलेला दर न लावता चालू दरसूचीचा आधार घेतला जातो. हे कलम आले ते एका जुन्या युक्तीमुळे. कोणत्या बाबीचे परिमाण चुकून कमी दाखवले आहे, हे अनुभवी ठेकेदाराला कागद पाहताच कळते. तो त्या बाबीला भरमसाट दर लावतो, इतर बाबींचे दर पाडतो आणि एकूण बेरजेत सर्वांत स्वस्त ठरतो. पुढे तीच बाब वाढते आणि स्वस्त निविदा महाग होते. म्हणजे अंदाजपत्रकातील चूक ज्याला आधी दिसली, त्यालाच तिचा लाभ मिळतो.

आणि अर्थाबाबत वाद झालाच तर? याच नमुन्यांतील कलम ३० नुसार तपशील, आराखडे व सूचना यांच्या अर्थाविषयी अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम मानला जातो. ज्या खात्याने निविदा लिहिली, त्याच खात्याचा अधिकारी तिचा अर्थ सांगणार, अशी ही व्यवस्था आहे. ठेकेदारांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. आणि चौकशीचे भय असलेला अधिकारी निर्णय देण्यापेक्षा फाईल वर पाठवणे पसंत करतो.

भाव, कर आणि निर्देशांक

भाववाढीची जोखीम हा दुसरा मोठा भाग. दीर्घ मुदतीच्या कामांत मजुरी, साहित्य, इंधन, सिमेंट, लोखंड आणि डांबर यांचे वाटे ठरवून अधिकृत निर्देशांकांच्या आधारे दरातील फरक देण्याचे सूत्र असते. साधारणतः बारा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या कामांना ते लागू होत नाही. कारण एवढ्या अवधीतील चढउतार ठेकेदाराने आपल्या दरात धरावा, अशी अपेक्षा असते. परंतु अकरा महिन्यांचे काम जागेअभावी तीन वर्षे चालले तर? मुदतवाढ मिळते, पण ‘भाववाढ देय नाही’ अशी अट तिला जोडली जाते. २०२२ च्या पूर्वार्धात युक्रेन युद्धानंतर लोखंड व डांबर कडाडले, तेव्हा अशा कामांवरील ठेकेदारांपुढे काम सोडणे किंवा दर्जा सोडणे, असे दोनच मार्ग उरले.

सूत्र असले तरी वाद टळतोच असे नाही. सांगयाँग या कोरियन कंपनीचे मध्य प्रदेशातील महामार्गाचे प्रकरण याचे उत्तम उदाहरण आहे. करार २००६ चा. पुढे केंद्राने घाऊक किंमत निर्देशांकाची १९९३-९४ ही जुनी मालिका बदलून २००४-०५ ची नवी मालिका आणली. जुना निर्देशांक नव्याशी कसा जोडायचा, याविषयी करारात काहीच नव्हते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०१३ मध्ये परिपत्रक काढून आपले सूत्र लागू केले. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ च्या निकालात हे नाकारले. एका पक्षाने काढलेले परिपत्रक दुसऱ्या पक्षाच्या संमतीवाचून करारात शिरू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. निविदेत एक वाक्य अधिक असते, तर लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा प्रवास वाचला असता.

करांचेही तसेच. ज्या सरकारी कामात मातीकामाचा वाटा ७५ टक्क्यांहून अधिक असतो, त्यावरील वस्तू व सेवा कर १८ जुलै २०२२ रोजी ५ टक्क्यांवरून १२ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के आहे. समजा, कालव्याचे दहा कोटींचे मातीकाम आहे. पहिल्या दराने कर ५० लाख, दुसऱ्याने १ कोटी २० लाख, तिसऱ्याने १ कोटी ८० लाख. ‘कर प्रचलित दराने स्वतंत्र देय’ असे निविदेत लिहिले असेल तर वाद नाही. ‘दर सर्व करांसह’ एवढेच लिहून पुढील बदलाबाबत मौन पाळले असेल, तर एवढ्या मोठ्या रकमेचा मालक कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. छोट्या ठेकेदाराचा सारा नफा त्यात बुडू शकतो.

न्यायालयांचा कल

निविदेतील शब्दांचा अर्थ कोणी लावायचा, याविषयी दोन निकाल महाराष्ट्रातूनच गेलेले आहेत. पहिला १९७९ चा रमणा दयाराम शेट्टी खटला. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहासाठी ‘नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक’ आणि पाच वर्षांचा अनुभव अशी अट होती. ती पूर्ण न करणाऱ्यास काम देण्यात आले. शासनाने स्वतः घातलेली अट त्याने स्वतः पाळलीच पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने प्रस्थापित केले. अट सैल करायची असेल तर ती सर्वांसाठी, आधी आणि उघडपणे करावी लागते. कारण अटीमुळे जे बाहेर राहिले, त्यांनाही संधी मिळायला हवी होती. मात्र याचिका उशिरा आल्याने अर्जदाराला प्रत्यक्ष दिलासा मिळाला नाही.

दुसरा निकाल नागपूर मेट्रोचा, २०१६ मधील. उन्नत मार्गाच्या निविदेत मेट्रोच्या स्थापत्य कामाचा अनुभव मागितला होता. चीनमधील शहरांदरम्यानच्या जलद रेल्वेचे काम त्यात बसते काय, हा वाद होता. नागपूर मेट्रोच्या मते ते बसत नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित बोलीदाराच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. निविदा ज्याने लिहिली, त्यालाच तिच्या गरजा सर्वांत चांगल्या कळतात, त्यामुळे त्याने लावलेला अर्थ दुष्ट हेतूचा किंवा पूर्णतः अतर्क्य नसेल तर न्यायालयाने हात घालू नये, अशी भूमिका घेतली गेली.

कामे खोळंबू नयेत म्हणून हा संयम योग्यच आहे. परंतु त्याचा व्यावहारिक परिणाम लक्षात घ्यायला हवा. लेखकाने लावलेला अर्थ बहुधा टिकणार असेल, तर लेखकाला नेमके लिहिण्याची घाई उरत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २९ प्रमाणे ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि करताही येत नाही, तो रद्दबातल ठरतो. पण निविदांतील मोघमपणा इतका टोकाचा क्वचितच असतो. तो कायद्याने रद्द होण्याइतका मोठा नसतो आणि वाद होणार नाही इतका लहानही नसतो.

जोखीम कोण पेलतो

मोघम निविदेपुढे ठेकेदार तीन प्रकारे वागतात. मोठा ठेकेदार अनिश्चिततेची रक्कम दरात मिळवतो. खडक लागो वा न लागो, खडकाचे पैसे शासन देते. दुसरा कमी दराने काम घेतो आणि पुढे जादा बाबी, दावे व सुधारित अंदाजपत्रक यांवर भिस्त ठेवतो. तिसरा निविदेकडे फिरकतच नाही. परिणामी स्पर्धा आटते. एक-दोनच निविदा आल्या की पुन्हा पुकारा होतो आणि वर्ष निघून जाते.

जिल्ह्यातील लहान कामांवर याचा भार अधिक पडतो. तेथे मजूर सहकारी संस्था ३३ टक्के, सुशिक्षित बेरोजगार अभियंते ३३ टक्के आणि खुली स्पर्धा ३४ टक्के, असे कामवाटपाचे सूत्र शासनाने आखले. हेतू चांगला होता. परंतु नव्या अभियंत्याकडे ना वकिलांची फौज असते, ना वर्षभर थकबाकी सोसण्याची ऐपत.

थकबाकी हीदेखील किंमत न लावलेली जोखीमच आहे. जलजीवन अभियानाची केंद्रीय तरतूद २०२४-२५ मध्ये ७० हजार १६३ कोटी रुपये होती. सुधारित अंदाजात ती २२ हजार ६९४ कोटींवर आली. अभियानाची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. पण ज्याने २०२४ धरून दर भरले, त्याने ही चार वर्षे कोणत्या हिशेबात धरायची? राज्यातील ठेकेदार संघटनांनी २०२५ मध्ये विविध खात्यांकडे मिळून सुमारे ८९ हजार कोटींची देयके थकल्याचा दावा केला. हा आकडा संघटनांचा आहे. तथापि देयक उशिरा मिळाल्यास व्याज किती, हे बहुतेक निविदांत लिहिलेले नसते, ही गोष्ट निविदा उघडून कोणालाही पाहता येईल. उशीर ठेकेदाराचा असेल तर कलम २ प्रमाणे दंड आकारता येतो. उशीर विभागाचा असेल तर तसे कलम शोधूनही सापडत नाही.

मार्ग काय?

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९१८ च्या स्पिअरिन खटल्यात निर्णय दिला की, मालकाने दिलेल्या आराखड्याप्रमाणे काम केले आणि आराखडाच सदोष निघाला, तर दोष ठेकेदाराचा नाही. तेथील संघीय करारांत पुढे जमिनीखालील अनपेक्षित परिस्थितीचा खर्च शासनाने सोसण्याचे कलमही रूढ झाले. वरवर ते ठेकेदारधार्जिणे वाटते. प्रत्यक्षात त्यात शासनाचा लाभ आहे. खडक लागला तरच पैसे द्यायचे असल्याने कोणालाही भीतीपोटी दर फुगवावा लागत नाही. त्याचबरोबर निविदेतील उघड दिसणारी संदिग्धता बोलीदाराने आधीच विचारली पाहिजे, मूग गिळून बसल्यास नंतर तिचा फायदा घेता येणार नाही, असा दंडकही तेथील न्यायालयांनी घातला.

आपल्याकडे यासाठी यंत्रणा नाही असे नाही. मोठ्या कामांसाठी निविदापूर्व बैठक होते. तेथील शंकांना दिलेली उत्तरे ‘सीएसडी’ म्हणून कराराचा भाग बनतात. मात्र अनेकदा ‘निविदेतील अटीप्रमाणे’ एवढेच उत्तर मिळते, आणि शंका तर त्या अटीविषयीच असते. हे उत्तर देण्यास मनाई करणे ही सुधारणा बिनखर्चाची आहे.

त्यापुढे चार गोष्टी आवश्यक आहेत. एक, जमिनीचा ठरावीक हिस्सा ताब्यात आल्याखेरीज आणि वनमंजुरी मिळाल्याखेरीज निविदा काढू नये, आणि त्याचा दाखला निविदेलाच जोडावा. दोन, चाचणी खड्ड्यांचे निष्कर्ष व खाणींची ठिकाणे सर्व इच्छुकांना द्यावीत. तीन, थर, भाववाढ, कर, स्वामित्वधन, जागेचा ताबा व देयकास उशीर यांची जोखीम कोणाकडे, हे एका पानाच्या तक्त्यात लिहावे. चार, सुधारित मान्यता देताना वाढीपैकी किती रक्कम यांपैकी कोणत्या कारणाने आली, हे प्रसिद्ध करावे. बेंबळा आणि निम्न पैनगंगेबाबत असा तक्ता त्याच वेळी लोकांसमोर असता, तर पुढील चौकश्यांना मोघम आकड्यांत चाचपडावे लागले नसते.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा नको, नवे महामंडळ नको. हवा आहे तो निविदा लिहिणाऱ्या टेबलावर थोडा अधिक वेळ आणि त्या टेबलावरील अधिकाऱ्याला स्पष्ट लिहिल्याबद्दल संरक्षण. ई-निविदेमुळे पाकिटे उघडण्याची प्रक्रिया पारदर्शक झाली. पाकिटातील कागदावरचे शब्द मात्र अजून जुनेच आहेत. ते बदलल्याखेरीज शेताच्या बांधापर्यंत न पोहोचलेल्या कालव्याचा हिशेब या जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोणीही नीट सांगू शकणार नाही.